यादीतली सहावी

गेल्या सोमवारी राजापूरला आमच्या कॉलेजात प्राचार्यांनी मला बोलावून सहा नावांची यादी दिली. शेवटच्या वर्षाची, माझ्या विषयात कच्ची मुलं. त्यांना समजवायचं, यंदा परीक्षेचा फॉर्म भरू नका, नीट तयारी करून पुढच्या वर्षी बसा...

कारण काय, तर आता अनुदान म्हणे निकालावर ठरणार. टक्केवारी घसरली की पहिली गदा आमच्यासारख्या तासिका तत्त्वावरच्यांवर. सर वाईट नाहीत हो, तेही धास्तावलेत.

आणि मी? निमूट कामाला लागले. एकेकाला स्टाफरूमबाहेर गाठून गोड बोलले. पहिले पाच जण मान डोलावून गेले आणि मला हायसं वाटलं... सांगायलाही लाज वाटते.

सहावी प्रज्ञा. सकाळी काजूच्या फॅक्टरीत काम करून मग एसटीने कॉलेजला येते, त्यामुळे पहिले तास कायम बुडतात. यंदा थांबली तर ती दिवसभर फॅक्टरीतच जाणार आणि परत येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तिलाही तेच सगळं ऐकवलं.

तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, निकाल कमी लागला तर तुमचं काय होणार? मी बोलून गेले, घरी बसेन बहुतेक.

"मग नाय भरत मी फॉर्म," ती म्हणाली. "माझ्यापायी तुमची नोकरी नको जायला, मॅडम."

मला तिच्याकडे बघवेना. सांभाळायचं कोणी कोणाला? तिथल्या तिथे तिचा फॉर्म भरून घेतला, सही केली. सरांना जाऊन सांगितलं, सगळ्यांचे भरून घेतेय, रोज एसटी सुटेपर्यंत शिकवेन. ते म्हणाले, बघा, जबाबदारी तुमची.

तेव्हापासून फोन लावत सुटलेय. तिघं येऊन फॉर्म भरून गेले. एक तर मुंबईत कामालाही लागला होता, तो आज रात्रीच्या गाडीने निघतोय.

राहिली रूपाली... फोन बंद. वेळणेश्वरला मामाकडे गेलीय म्हणतात, आणि उद्या फॉर्मचा शेवटचा दिवस. माझं कशातच लक्ष नाही.

तिकडचं कोणी हे वाचत असेल तर तिला एवढा निरोप द्या. मॅडम चुकल्या म्हणावं... फॉर्म भरायला ये.