रिठ्यानं धुतलेली रेकॉर्ड

बायकोची रेकॉर्ड मी रिठ्याच्या पाण्यानं धुतली आणि गच्चीवर उन्हात वाळत घातली. महिना मे होता आणि गाव सोलापूर.

एवढं लिहिलं की पुढं सांगायला फारसं काही उरत नाही. ज्यांनी आमच्याकडचा उन्हाळा काढलाय त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सविस्तर सांगतो; इतकी वर्षं घरातले सांगत आले, एकदा माझ्या तोंडूनही होऊन जाऊ दे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा उन्हाळा. आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. बायको दौंडची, सासरे रेल्वेत गार्ड. मंडळी आमच्यातलीच, पण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहून कानडी विसरलेली. आमच्या घरी अव्वा, म्हणजे माझी आई, लाड करायची कानडीत, रागवायची कानडीत, आणि पाहुणे आले की तेवढ्यापुरतं मराठी काढायची. बायकोला सगळं कळायचं, पण उत्तर द्यायची वेळ आली की ती नुसती मान हलवायची. आठ महिन्यांत तिनं त्या मानेवर सगळा संसार चालवला होता. माझ्याशी मराठीत बोलायची, तेही विचारलं तेवढंच.

लग्नात तिच्याबरोबर दोन ट्रंका आल्या. एकीत साड्या. दुसरी इतकी जड होती की अव्वाला वाटलं, स्टीलची ताटं असणार. उघडली तर आत लाल रंगाचा पेटीसारखा रेकॉर्डप्लेअर आणि जुन्या साड्यांत गुंडाळलेल्या सात रेकॉर्डी. सातही एकाच बँडच्या. विलायतेतला बँड, केस खांद्यापर्यंत आलेले पाच जण, आणि संगीताचा प्रकार हार्ड रॉक. हे तिनंच सांगितलं. मला रेडिओवरची हिंदी गाणी आणि लग्नाच्या वरातीतला बँड एवढंच ठाऊक. पहिल्यांदा तिनं रेकॉर्ड लावली तेव्हा मी उठून प्लग काढला. मला वाटलं, काहीतरी जळालं.

आमच्या गल्लीत ही रेकॉर्ड वाजवणं एका दृष्टीनं सोयीचं होतं. शेजारच्या घरात खाली कापड विणायचे चार माग होते. सकाळपासून दिवे लागेपर्यंत खटाखट, खटाखट. त्या आवाजात विलायतेचे ड्रम कुठल्या कुठं बुडून जायचे. अव्वा एकदाच म्हणाली की शेजाऱ्यांनी पाचवा माग घेतलेला दिसतोय. फक्त मागाच्या सुट्टीला आम्ही रेकॉर्ड लावायचो नाही. त्या दिवशी गल्लीत कुणी शिंकलं तरी चार घरांत ऐकू जायचं.

पण त्या बँडचा विषय निघाला की माझी मुकी बायको बोलायला लागायची. पहिला गाणारा दुसऱ्या रेकॉर्डनंतर भांडून गेला. त्याच्या जागी आला त्याचा आवाज आणखी वर जायचा. पियानोवाला दौऱ्यातून अर्ध्यावर पळाला आणि दोन वर्षांनी परत आला, कुणी काही विचारलं नाही. ड्रमवाले तर तीन झाले. पहिल्या दिवसापासून टिकलेला एकच, गिटारवाला. मी म्हटलं, हे आमच्या पेठेतल्या बँडसारखंच की. पाटी तीच, क्लॅरिनेटवाला दर हंगामाला नवा. मला वाटलं ती चिडेल. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तसंच. फक्त यांना वरातीत चालावं लागत नाही."

ड्रमवर कोण बसलाय हे ती नुसत्या कानानं ओळखायची. मला ड्रम कुठला आणि शेजारचा माग कुठला हेही ओळखू यायचं नाही. तरी मी मान हलवायचो. तेवढं तिच्याकडूनच शिकलो होतो.

सातातली एक रेकॉर्ड मात्र ती कधीच लावायची नाही. ती बँडची पहिली रेकॉर्ड, पहिल्या छपाईची. कव्हरच्या मागं बँडवाल्यांचे फोटो होते, आणि छापणाऱ्यानं गाणाऱ्याच्या फोटोखाली ड्रमवाल्याचं नाव घातलं होतं, ड्रमवाल्याखाली गाणाऱ्याचं. थोड्या प्रती बाहेर गेल्यावर ते कंपनीच्या लक्षात आलं. उरलेली कव्हरं फाडून टाकली, नवी छापली. आणि आता तिकडचे संग्राहक ती चुकलेलीच प्रत शोधत फिरतात म्हणे. आपल्याकडं चुकलेला माल परत जातो; तिकडं चुकलेल्या मालासाठी माणसं रांग लावतात, हे ऐकून मला स्वतःबद्दलही जरा आशा वाटली होती.

एकदा तिनं ती रेकॉर्ड खिडकीपाशी नेऊन मला दाखवली. गाणी संपतात आणि मधला गोल कागद सुरू होतो त्या मोकळ्या जागेत कुणीतरी बारीक अक्षरं कोरलेली होती. साचा करणाऱ्या कारागिराच्या हाताची, ती म्हणाली. ती बघायला दोघांची डोकी इतकी जवळ आली की अक्षरं काय होती ते मला आजही सांगता येणार नाही.

न लावण्याचं कारण होती तिची मैत्रीण. दौंडच्या क्वार्टरमध्ये यांच्या भिंतीला भिंत लावून एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर राहायचा, त्याची मुलगी. लाल पेटी त्यांचीच. दोघी त्या पेटीपुढं बसूनच मोठ्या झाल्या. पुढं ते कुटुंब विलायतेला गेलं, पेटी हिच्याकडं ठेवून. मैत्रीण तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर एकेक रेकॉर्ड पाठवत राहिली. ती पहिली रेकॉर्ड तिला एकाच दुकानात एकच मिळाली. ती तिनं स्वतः न ऐकता इकडं धाडली आणि पत्रात लिहिलं, ही आपण एकत्र ऐकायची, तोवर तू लावू नकोस. नव्या छपाईच्या प्रती तिला तिकडं सहज मिळाल्या असत्या. तिनं घेतल्या नाहीत. हिनं लावली नाही. अशी सात वर्षं गेली होती, आणि त्या मे महिन्यात मैत्रीण येणार होती. आधी दौंड, मग दोन दिवस सोलापूर.

बायको तिला आणायला आठवडाभर आधी दौंडला गेली. जाताना तिनं मला काही सांगितलं नाही. इथंच तिचं चुकलं.

सुट्टीचा दिवस होता. मी सहज ती रेकॉर्ड काढून बघितली. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांजवळ राहून तिच्यावर पांढुरकी झाक आली होती. आठ महिन्यांत बायकोनं माझ्याकडं काहीसुद्धा मागितलं नव्हतं. म्हटलं, न मागता काहीतरी करावं. अव्वा रेशमी साडी आणि सोनं रिठ्यानं धुते, तेव्हा नाजूक वस्तूला रिठाच बरा. मी दोन्ही बाजू निगुतीनं धुतल्या. रेकॉर्ड अशी काळीभोर चमकायला लागली की मलाच माझं कौतुक वाटलं. मग गच्चीवर अव्वानं घातलेल्या कुरडया आणि मिरच्या यांच्या मधोमध धोतराच्या फडक्यावर ती ठेवली आणि खाली येऊन शेंगाचटणी-भाकरी खाऊन झोपलो.

चार वाजता वर गेलो. रेकॉर्डची एक कड परातीच्या काठासारखी वर आली होती आणि तिच्या समोरची खाली लोंबत होती. अव्वा कुरडया गोळा करत होती. तिनं रेकॉर्डकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं की हे तळायचंय का.

दोन दिवस मी ती रेकॉर्ड ज्वारीच्या पोत्याखाली ठेवली. रेकॉर्ड होती तशीच राहिली, पोतं मात्र वाकडं बसायला लागलं. तेव्हा मला कारखाना आठवला. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात कारकून होतो, आणि तिथं टॉवेलचे गठ्ठे दाबून बांधायचा प्रेस होता. प्रेसवर एक म्हातारे तेलुगू गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पिशवीत रेकॉर्ड घालून मी सायकलवर गेलो. मामांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "क्लार्कसाब, ह्याचं पातेलं कुटंय?"

मी सगळं खरं सांगितलं. मामा हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. त्यांनी वाळवणीतून नुकतेच आलेले गरम टॉवेल घेतले, त्यांच्या थरांत रेकॉर्ड घातली, वर प्रेस आणला आणि म्हणाले, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेकॉर्ड बाहेर आली. जवळजवळ सपाट. कडेला एक उंचवटा राहिला होता, आणि एका बाजूला अगदी फिकट, उन्हात धरली तरच दिसावी अशी, टॉवेलची वीण उमटली होती. मी मामांचे हात धरले. ते म्हणाले, "प्रेसमधी माल सरळ होतोय. शाना न्हाय होत."

मी ती पुसून कव्हरमध्ये घातली आणि ट्रंकेत ठेवून दिली. गप्प बसायचं ठरवलं. त्यामागं माझा हिशोब असा होता की ही रेकॉर्ड या दोघींपैकी कुणीच ऐकलेली नाही. तेव्हा त्यातून काही वेगळा आवाज आलाच, तर तो पहिल्यापासूनच होता असं म्हणायला वाव होता.

दोघी आल्या. मैत्रीण उंच, उन्हानं लाल झालेली, आणि मराठी बोलायची ती दौंडच्या क्वार्टरमध्ये पोरांबरोबर खेळून शिकलेली, म्हणजे सगळ्यांना अरे-तुरे. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू नवरा? हिनं पत्रात उंच लिहिलं होतं." अव्वालाही ती तूच म्हणाली. अव्वानं दोन मिनिटं विचार केला आणि तिला जास्तीची भाकरी वाढली.

रेकॉर्ड दुसऱ्या दिवशी सकाळी लावायची ठरली. मी कॅलेंडर बघितलं तर नेमकी मागाची सुट्टी. एरवी चार माग माझ्या मदतीला आले असते. आता गल्ली अशी चिडीचूप की पाण्याच्या बंबातला निखारा ऐकू यावा.

दोघी चटईवर पेटीपुढं बसल्या. मांडीला मांडी लावून, अगदी शाळेतल्या मुलींसारख्या. बायकोनं कव्हरच्या मागच्या चुकलेल्या नावांवरून बोट फिरवलं, मैत्रीण हसली. मग बायकोनं सुई ठेवली. मी दारात उभा होतो. पळायला तेवढीच जागा होती.

गिटार सुरू झाली. आणि दर फेरीला, खट. गिटार, खट. सुई त्या उंचवट्यावरून वर जायची आणि आपटायची. दोनदा पुढं उडाली. मैत्रीण डोळे मिटून ऐकत होती. तिला ते गाण्यातलंच वाटलं असावं. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात बायकोनं मान वळवली.

"हा ड्रमवाला तो नाही," ती म्हणाली.

पहिला ड्रमवाला पहिल्या दोन रेकॉर्डींवर होता. दुसरी तिनं शंभरदा ऐकली होती. त्याचा हात तिला पाठ होता. तिनं सुई उचलली, रेकॉर्ड खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. कडेचा उंचवटा बघितला. मग अंगठा अलगद त्या विणीवरून फिरवला. सोलापुरात आठ महिने राहिलेल्या माणसाला टॉवेलची वीण ओळखायला वेळ लागत नाही.

ती माझ्याकडं वळली, आणि तिचे डोळे भरून आले. मी तिथंच सगळं सांगितलं: रिठा, गच्ची, कुरडया, ज्वारीचं पोतं, मामा. चांगलं करायला गेलो होतो, हेही सांगितलं. ते सांगितल्यावर आणखी वाईट वाटलं.

मैत्रिणीनं तिच्या हातातून रेकॉर्ड घेतली आणि पुन्हा पेटीवर ठेवली. "वाजू दे गं," ती म्हणाली. "सात वर्षं थांबलो. खट तर खट."

पहिलं गाणं खटाखटीतच गेलं. दुसऱ्यात खट जरा दमली. सुई जसजशी आत सरकत गेली तसा उंचवटा मागं पडला, आणि तिसऱ्या गाण्याला काहीच राहिलं नाही, नुसता तो माणूस गात होता, पुढं भांडून गेलेला. सावकाश, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं गाणं. मलासुद्धा ते गाणं वाटलं. बायकोनं मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. दोघींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि कुणी पुसत नव्हतं. मी पाहिलं नाही असं दाखवायला छताकडं बघत होतो.

ती बाजू संपली. सुई त्या कोरलेल्या अक्षरांवरून फिरत राहिली. पीठ लागलेले हात पुसत अव्वा दारात आली आणि कानडीत विचारलं, आज सुट्टी असून माग कुणी चालवला?

मी तोंड उघडायच्या आत बायको डोळे पुसत वळली. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा, मान न हलवता, अडखळत पण पूर्ण वाक्य कानडीत म्हणाली, "अव्वा, निम्म मगा हुच्च अदान."

म्हणजे, तुमचा मुलगा वेडा आहे.

अव्वानं तिच्याकडं बघितलं. अव्वाच्या तोंडावर एवढा आनंद मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. मग पाहुणीलाही कळावं म्हणून तिनं मुद्दाम मराठीत उत्तर दिलं.

"व्हय की. आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस व्हय?"