पाणी कुणी सोडलं

पंपवाल्याला संस्थेचा संचालक केलं, तेव्हा सगळ्यांत आधी त्याची बायको हसली. "पाखरांचे संचालक," ती म्हणाली, "घरात चिमणी शिरली तर काठी घेऊन धावता."

तिचं चुकलं नव्हतं. या माणसाचा जन्म ग्रीस आणि गंजात गेलेला. बाजाराच्या तोंडाशी पंप दुरुस्तीचं दुकान, दारात उघडलेल्या मोटारींची आतडी पसरलेली, आणि मधोमध स्टुलावर हा, कोपरापर्यंत काळा. पाखरांशी त्याचा संबंध आला तो लोखंडामुळे. गावाबाहेरचं तळं पाणपक्ष्यांसाठी राखायचं काम एक संस्था करायची. कालव्यातून तळ्यात पाणी घ्यायचं दार गंजून बसलं होतं. यानं ते असं चालू करून दिलं की चाक एका हातानं फिरावं. वर पैशाला नाही म्हणाला. झालं, पुढं मंडळात एक खुर्ची रिकामी झाली तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपल्यात एक कामाचा माणूस हवाच होता."

"म्हणजे आम्ही बिनकामाचे," वकील म्हणाले.

"ते मी कधी नाकारलं?" बाई म्हणाल्या.

मंडळ म्हणजे चारच माणसं. बाई कॉलेजच्या प्राचार्य होऊन निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं की भल्याभल्यांना गृहपाठ राहिल्यासारखं वाटे. दुसरे वकील, तिसरे दातांचे डॉक्टर, चौथा हा. बैठक डॉक्टरांच्याच दवाखान्यात, पेशंट बसतात त्या बाकांवर. भिंतीवर जबड्याचं भलं मोठं चित्र. त्याच्याखाली बसून पाखरांचं भवितव्य ठरायचं.

ठरवायची एक रीत होती. बाई प्रस्ताव वाचायच्या, चष्म्यावरून सगळीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "कुणाची हरकत?" कुणी बोलायचं नाही. मग तो मंजूर. एवढ्या वर्षांत एकदाही हात वर करून मोजायची पाळी आली नाही, याचा बाईंना फार अभिमान. पंपवाल्यालाही ही रीत आवडली. गप्प बसणं हे काम त्याला जमण्यासारखं होतं.

दरवर्षी देणगीदारांना तळं दाखवायला न्यायचे, तेही शेकाटे अंडी घालतात त्याच दिवसांत, कारण पाखरं बघायला मिळतात ती तेव्हाच. शेकाट्या म्हणजे लाल काडीसारख्या लांब पायांचा, पांढऱ्या पोटाचा पक्षी. पाण्याच्या अगदी काठाला, चिखलावर काटक्या गोळा करतो नि त्यावरच अंडी घालतो. मागच्या वर्षी पाणी कमी होतं, बोट गाळात रुतली, बाईंना गुडघाभर चिखलात उतरावं लागलं आणि त्यांची एक चप्पल तळ्यानं ठेवून घेतली. देणगीदार तोंड फिरवून हसले. बाईंना ते दिसलं.

"या खेपेला बोट अडकली तर मी राजीनामा देईन," बैठकीत बाई म्हणाल्या आणि पंपवाल्याकडे बघितलं.

"तुम्ही फक्त बोटीत बसा बाई," हा म्हणाला. "बाकी माझ्यावर सोडा."

एवढ्या शिकलेल्या बाईनं आपल्याकडे आशेनं बघावं, याचं त्याला अप्रूप वाटलं. माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो तो असा.

आदल्या संध्याकाळी त्यानं तळ्याच्या राखणदाराला गावात पाठवलं, शाळेतल्या खुर्च्या घेऊन सकाळीच ये म्हणाला. पाण्याच्या दाराची किल्ली राखणदाराच्या कमरेला असे, पण पंपवाल्याला किल्लीची काय गरज. पान्यानं कुलपाचा कोयंडा सोडवला, चाक फिरवलं. पाणी येऊ लागलं. काठाला अंडी आहेत हे त्याला ठाऊक होतं, राखणदारानं स्वतः दाखवली होती. पण मनात आलं, पाखरांना काय, वर सरकतील. पाखरं सरकतात, अंडी सरकत नाहीत, एवढा साधा विचार तेव्हा डोक्यात शिरला नाही. किंवा शिरला आणि त्यानं हाकलला. उजाडायच्या आत येऊन त्यानं दार बंद केलं, कोयंडा होता तसा बसवला.

बोट लोण्यातून सुरी जावी तशी गेली. शेकाटे डोक्यावर घिरट्या घालत केकाटत होते, एकही खाली बसेना. "बघा, स्वागताला आलेत," एक देणगीदार म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वल्हं पंपवाल्याच्या हातात होतं. बोटीच्या कडेला काटक्यांचा एक पुंजका तरंगत आला, त्यात दोन ठिपक्याठिपक्यांची अंडी. कुणाची नजर जायच्या आत त्यानं वल्ह्यानं तो बाजूला सारला. पुंजका उलटला.

नंतर राखणदारच रडकुंडीला येऊन दवाखान्यात सांगून गेला, काठावरचं एकही घरटं राहिलं नाही. तो गेल्यावर मंडळ बसलं.

"किल्ली त्याच्याकडे. दार दुसरं कोण उघडणार?" वकील म्हणाले.

"तो म्हणतो, मी खुर्च्या आणायला गेलो होतो," डॉक्टर म्हणाले.

"हो, मीच पाठवलं होतं," पंपवाला म्हणाला. घशात आलेल्यातलं एवढंच बाहेर पडलं.

"म्हणजे घाईत दार उघडं टाकून गेला आणि सकाळी येऊन गुपचूप बंद केलं," वकिलांनी वाक्य पुरं केलं.

राखणदाराला काढून टाकायचा प्रस्ताव बाईंनी हळू आवाजात वाचला. "कुणाची हरकत?"

पंपवाल्यानं जबड्याच्या चित्राकडे बघितलं. त्याच्या स्वतःच्या तोंडातही तेवढेच दात होते आणि एकही हलला नाही.

राखणदाराला काम मिळालं ते भाजीबाजारात पोती वाहायचं, पंपवाल्याच्या दुकानासमोरच. पन्नाशीचा माणूस पाठीवर पोतं घेऊन वाकून जायचा, आणि वाकल्या वाकल्याही याला हात करायचा. दोनचार दिवस पंपवाला मोटारीत डोकं खुपसून बसला. मग एकदा राखणदार घाम पुसत दारातच येऊन उभा राहिला.

"साहेब, तुम्ही मंडळात आहात. माझ्यासाठी एक शब्द टाका. दार मी उघडं टाकलं नव्हतं हो."

"बघतो," पंपवाला म्हणाला.

"तुमचा भरवसा आहे म्हणून बोललो. बाकीच्यांना आमच्यासारख्याचं काय."

त्या दिवशी यानं सरळ तारेला उलटी तार जोडली आणि गिऱ्हाइकाची चांगली मोटार जाळली. घरी ताटावर बसला आणि भाकरीचे नुसते तुकडे करत राहिला.

"काय झालंय?" बायकोनं विचारलं. "आठवडाभर बघतेय, मुकं जनावर बरं." त्यानं सगळं सांगितलं. वल्ह्याचं तेवढं सांगितलं नाही. बायकोनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "कुंपणानंच शेत खाल्लं की. आणि शिक्षा कुणाला, तर बुजगावण्याला. सांगून टाका त्या बाईंना. का जीभ भाड्यानं आणून देऊ?"

पुढच्या बैठकीत बाईंनी कागद उघडायच्या आधीच तो उठून उभा राहिला. इथं उभं राहून कुणी बोलत नसे, त्यामुळे डॉक्टरांना वाटलं, दात दुखतोय.

"पाणी मी सोडलं," तो म्हणाला. "बोट चालावी म्हणून. त्याचा काही दोष नाही."

मग बाईंनी चष्मा काढला. चष्म्यावाचून त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "बोटीत बसताना पाणी जास्त आहे हे मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही. चप्पल कोरडी होती ना."

"हे बघा," वकील म्हणाले, "बाहेर कळलं की पक्षी वाचवणाऱ्यांनीच अंडी बुडवली, तर उद्या आपल्याला कोण दारात उभं करील? राखणदाराला परत घेऊ. मंडळानं मोठ्या मनानं माफ केलं म्हणू. विषय संपला."

"माफ कशाबद्दल?" पंपवाल्यानं विचारलं.

"अहो, त्याला नोकरी मिळाल्याशी मतलब," डॉक्टर म्हणाले. "खरं कळून त्याचा काय फायदा?"

बाईंनी पुन्हा चष्मा लावला. राखणदाराला माफ करून परत घ्यावं आणि झालेली गोष्ट या खोलीबाहेर जाऊ नये, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. आवाज नेहमीचा नव्हता. "कुणाची हरकत?"

"माझी," पंपवाला म्हणाला.

संस्थेत पहिल्यांदाच हात वर करून मोजणी झाली. तिघं एकीकडे, हा एकटा एकीकडे. बाईंचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला. पंपवाला हरला, आणि दवाखान्यातून निघून सरळ राखणदाराच्या घरी गेला.

एका खोलीचं घर, पुढं अंगण. राखणदाराची बायको धुणं पिळत होती. राखणदार उंबऱ्यावर बसून पाठीला तेल चोळायचा प्रयत्न करत होता, हात पोचत नव्हता. याला बघून तो लगबगीनं उठला.

"शब्द टाकलात ना साहेब? मला माहीत होतं."

"नोकरी मिळाली परत," पंपवाला म्हणाला. "पण आधी ऐकून घे. दार मी उघडलं होतं. तुला खुर्च्यांना पाठवलं तेव्हा."

राखणदार उभा होता तो हळूहळू परत खाली बसला. तेलाची वाटी त्यानं बाजूला ठेवली.

"अंडी दिसली होती तुम्हाला? बोटीतून?"

"एक घरटं दिसलं होतं." बायकोलाही न सांगितलेलं इथं सांगावं लागलं. "लोकांना दिसू नये म्हणून वल्ह्यानं सारलं. उलटलं ते."

राखणदारानं तेलाचे हात पायांना पुसले. मग म्हणाला, "नोकरी घेतो मी. पोटाशी काय भांडायचं. पण तुम्ही तळ्यावर येऊ नका. दार बिघडलं तर मी दुसऱ्या कुणाला आणीन." त्यानं साहेब म्हटलं नाही.

"बरं," पंपवाला म्हणाला. निघायला वळला, तर राखणदाराच्या बायकोनं हातातलं पिळलेलं कापड तसंच धरून त्याला विचारलं, "बाजारात हे पोती वाहत होते, तेव्हा तुम्ही समोर दुकानातच बसत होता ना?"

"हो," तो म्हणाला.

तिनं कापड झटकलं आणि दोरीवर टाकलं.