ओट्यावरचे अकरा फोन

आमच्या कॉलनीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात मी मोबाइलवर खेळायचा एक गेम बनवला. शहराच्या कडेला नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि नवी पाइपलाइन आमच्या कॉलनीच्या आधीच थांबली होती, म्हणून मधल्या दिवसांत टँकर. गेमही टँकरचाच होता. पाइप सरकवत हंडे भरायचे, सांडलं तर गुण कमी, आणि टँकर निघायच्या आत घरचे सगळे हंडे भरले पाहिजेत.

कॉलेजात मी कुणाला सांगितलं नाही. मला एकच गोष्ट हवी होती: मला न ओळखणाऱ्या एका तरी माणसाने तो खेळावा. ओळखीचे लोक छानच म्हणतात, आणि मी समोर असले की जरा जास्तच छान म्हणतात.

गेम साइटवर टाकला आणि कळलं, नुसतं टाकून काही होत नाही. तिथे हजारो गेम. साइट प्रत्येकाला ‘तुमच्यासाठी’ म्हणून दहा-बारा निवडून दाखवते, बाकीचे खाली, खूप खाली. माझा शोधताना माझाच अंगठा दुखला. मदतीच्या पानावर लिहिलं होतं की लोक किती वेळ खेळतात, परत येतात का, आणखी कोणते गेम खेळतात, यावरून क्रम ठरतो. खेळणाऱ्यांनी दिलेले तारेही बघतात, पण त्यांना वजन कमी.

हे सगळं मी आत्याला सांगितलं, तिथे चुकलं. आत्या गंगापूरची. “तिकडं पाणी नाय, इकडं बी नाय. निदान इथं टीव्ही तरी मोठा हाय,” म्हणत बॅग घेऊन आली होती. माझ्या बोलण्यातलं तिच्या लक्षात राहिलं ते फक्त तारे.

टँकरच्या रांगेत आमच्याकडे बायका उभ्या राहत नाहीत, हंडे राहतात. सकाळी हंडा ठेवून जायचं, टँकर आला की जी हजर असेल ती सगळ्यांचे भरते. आत्याने हीच पद्धत वापरली. दुपारी मी घरी आले तर ओट्यावर अकरा फोन ओळीने मांडलेले, ऊन लागू नये म्हणून वर ओला पंचा. आत्या चष्मा लावून एकेक फोन उचलत होती, गेम टाकत होती, पाच तारे देऊन बंद करत होती.

“आत्या, पण खेळलं कोण?”

“खेळायचं कशाला? तारे दिले ना. वायफाय बी आपलंच, कुणाचा डेटा गेला नाय.”

शेजारच्या काकू फाटकातून डोकावल्या. “झाला का ओ माझा?”

“तुमचा सातवा हाय. मधी घुसू नका.”

एकच वायफाय, एकच तास, पंचावन्न तारे, आणि खेळलेला वेळ जवळजवळ शून्य. साइटच्या जागी मी असते तर मलाही संशय आला असता. दोन दिवसांनी सगळे तारे काढून टाकल्याचा मेल आला. गेम पार तळाला गेला होता.

“म्हंजे मला चोर म्हणती व्हय ती साइट?”

“तुला नाही गं. मशीन आहे ते.”

“मशीनला माणूस कळंना, अन् निघालं लोकांना शिफारशी करायला!”

मला रडू येत होतं, तरी हसले. आत्याने मात्र ते मनावर घेतलं. पुढच्या वेळी टँकर दोन तास उशिरा आला, तेव्हा तिने लिंबाच्या सावलीत सगळ्यांना आपापल्या डेटावर खरंच खेळायला बसवलं. आता कुणी छान म्हणेना.

“पाइप किती हळू सरकतो गं! एवढ्यात आमचा टँकरवाला घरी पोचतो.”

“अन् भांडण कुठंय? भांडणाबिगर टँकर असतो व्हय?”

मी पाइपचा वेग वाढवला. मागून येऊन दुसऱ्यांचा हंडा मागे ढकलणारी एक बाईही घातली. तिची साडी शेजारच्या काकूंसारखी आहे, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. बायका रोज खेळू लागल्या, आणि गेम हळूहळू वर सरकू लागला.

पावसाळा तोंडावर आला होता. औरंगपुऱ्यात एका दुकानात मी फोनची काच बदलायला बसले होते. बाकावर शेजारी एक बाई, सोबत त्यांची मुलगी.

“अम्मी, चलो ना अब.”

“रुक गे! ये चुडैल फिर मेरा हंडा पीछे कर दी.”

मी वाकून बघितलं. माझा टँकर, माझे हंडे. मी कधी अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

“आपको ये गेम किसने बताया?”

“कोई नै बताया. मैं वो खाना पकाने का गेम खेलती ना, उसके नीचू अपने आप आया.” मग फोन माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, “पर बनानेवाला कोई आदमी दिखता. देखो, हंडे पे कपड़ाच नै बांधा. टँकर का पानी बगैर छाने भरते क्या?”

मी मान हलवली. गेम मी बनवलाय हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या लगेच छान म्हणाल्या असत्या. घरी जाताना रिक्षातच मी हंड्यावर बांधायचं कापड चितारायला घेतलं.