अर्ध्यातून परतलेल्या एस्तेरबाई

एस्तेरबाईंना काहीही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असायचं. "विचारून सांगतो." आमच्या भागात बायकाही बोलताना 'सांगतो', 'जातो' म्हणतात, त्यात नवल नाही. नवल हे, की या बाई विचारायच्या कोणाला? नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, एकुलती मुलगी लग्न होऊन चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. मी चामोर्शीजवळच्या मिशनच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून नवीन लागलो होतो आणि त्या तिथल्या जुन्या नर्स. एक दिवस लॅबच्या किल्ल्या सांभाळाल का, एवढंच मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "विचारून सांगतो." मी म्हटलं, डॉक्टरांना मी आधीच विचारलंय. "डॉक्टरले नाई, देवाले."

किल्ल्यांसाठी देव! मीही चर्चच्या मंडळीतच वाढलेला, रविवारची उपासना न चुकवणारा. पण देवाला मी मोठ्या कामापुरताच त्रास देणारा माणूस. बाकीचं आपण नीट आखावं आणि पार पाडावं, असं माझं मत. एस्तेरबाईंचा हिशेब वेगळा. त्या डोळे मिटून कोपऱ्यात बसायच्या नाहीत. पट्ट्या कापता कापता, भांडी उकळता उकळता तोंडातल्या तोंडात बोलत राहायच्या, तेही झाडीपट्टीच्या बोलीत, कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलावं तसं. उत्तर कधी तासाभरात यायचं, कधी पंधरा दिवस यायचं नाही.

"काय म्हणतो देव?" मी चिडवायचो.

"अजून काई बोलला नाई."

"लाइन बिझी असेल."

"लाइन खुली हाय, भाऊ. मीच बडबडून राह्यली होती, त्याले बोलाले जागा कुठी?"

त्या चुकायच्याही, आणि ते मान्यही करायच्या. एकदा ऐन धानकापणीत चामोर्शीच्या बाजारात तपासणी शिबिर घ्यायचं त्यांच्या मनानं घेतलं. देवानं सांगितलंय म्हणाल्या. दिवसभर टेबल मांडून बसलो, एक माणूस फिरकला नाही. संध्याकाळी फुटाणे खात त्या म्हणाल्या, "त्यानं नव्हतं सांगतलं. मलेच घाई झाली होती." एवढं बोलून टेबल आवरायला लागल्या. देवाच्या नावावर स्वतःचं म्हणणं खपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण चूक निघाल्यावर ती आपल्या नावावर घेणारी ही एकटीच. म्हणूनच मादागास्करच्या सेवेसाठी माणसं निवडायची वेळ आली, तेव्हा मी पहिलं नाव त्यांचं सुचवलं.

तिथल्या एका मंडळीनं आमच्या मंडळीला बोलावणं पाठवलं होतं. डोंगरातलं गाव, चर्चचा छोटा दवाखाना, लालाओ नावाची एकच सुईण. दोन महिने तिच्या हाताखाली मदत करायची, तिला जमेल तेवढं शिकवायचं. आम्ही चौघं निघालो: पाळकसाहेब, त्यांच्या पत्नी, मी आणि एस्तेरबाई. पाळकसाहेब प्रार्थनेला आणि तिथल्या पाळकांशी इंग्रजीत बोलायला, मी रक्त-लघवी तपासायला आणि सगळं वेळापत्रक सांभाळायला. विमान सुटताना मी बाईंना विचारलं, भीती वाटते का? "वाटते. पण त्यानं हो म्हटलं हाय," असं म्हणून त्यांनी पट्टा बांधून घेतला.

गावात पोचलो तर चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांत रोपांचा रोवणा चाललेला. एस्तेरबाईंचं माहेर नागभीडकडचं, धानाच्याच मुलखातलं. त्यांना घरी आल्यासारखं झालं. दवाखान्यातून सुटल्या की लुगडं खोचून त्या चिखलात उतरायच्या. भाषेचा एक शब्द येत नव्हता, पण बायकांच्या ओळीत त्या अशा मिसळल्या की लांबून ओळखू येऊ नयेत. मी बांधावर उभा. एकदा मी विचारलं, "बाई, देव सांगतो हे तुम्हाला नक्की कळतं कसं?" कमरेत वाकल्या वाकल्या त्या म्हणाल्या, "रोवणा करतानी कोणी पुढं चालते का? मांगं मांगं सरकावं लागते. डोयासमोर जे रोवलं तेवढंच दिसते. मांगचा पाय कुठी पडन ते दिसत नाई. पण चिखल कोणीतरी आधीच करून ठेवला हाय ना? मंग टाकाचा पाय." मी बांधावरच राहिलो. पाय न पाहता टाकणं माझ्या स्वभावात नव्हतं.

त्या गावातली सूआ ही पोर बाईंना फार चिकटली होती. पहिलटकरीण, सातवा संपत आलेला. पायांवर सूज, प्रेशर चढं. तिची लघवी मीच तपासली होती आणि निकाल चांगला नव्हता. मोठा दवाखाना नदीपलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सासरा म्हणायचा, नदी भरलीय, रोवणा आटोपला की नेऊ. सूआ फक्त बाईंचं ऐकायची, तेही खुणांनी. बाई रोज तिचं प्रेशर मोजायच्या आणि लालाओलाही मोजायला लावायच्या.

अशात ऊर्जानगरहून जावयाचा फोन आला. बाईंच्या मुलीला, प्रीतीलाही, सातवा होता. प्रेशर एकदम वाढलं म्हणून तिला चंद्रपूरला दवाखान्यात भरती केलं होतं. तोच आजार, समुद्राच्या दोन्ही काठांवर. फोन ठेवून बाई ओट्यावर बसल्या. पाळकसाहेबांनी लगेच सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. पोटच्या मुलीची माया बाजूला ठेवून तुझ्या सेवेत थांबणाऱ्या या भगिनीसाठी, प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो, असं ते गहिवरून म्हणाले. आमेन झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "पाळकसाहेब, देवाले असं काऊन सांगतलं? मी थांबतो म्हटलंच नाई अजून. विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी भरताना दिसल्या. "जातो, भाऊ. त्यानं घरी जा म्हटलं."

मी चिडलो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. "आणि सूआ? तिला कोण सांभाळणार?"

"सूआ त्याची हाय. माई कधीच नव्हती."

"तिला नदीपलीकडे न्यावं लागलं तर?"

"तुमी न्या."

"मी रक्त तपासणारा माणूस, बाई. मला यातलं काय कळतं?"

त्यांनी पिशवीची चेन ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. रात्रभर रडल्याचं दिसत होतं. "मंग आता तुमी विचारा त्याले. माह्याच मार्फत किती दिवस विचाराल?"

जाण्याआधी त्यांनी सूआचा हात लालाओच्या हातात दिला, दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि नदीच्या उलट्या बाजूनं जाणाऱ्या, खच्चून भरलेल्या जीपमध्ये जागा करून बसल्या. सूआ रडत होती. बाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

लगेच दुसऱ्या दिवशी सूआचं डोकं दुखायला लागलं. डोळ्यांपुढे अंधारी येते, असं तिनं खुणेनं सांगितलं. लालाओनं प्रेशर मोजलं, मला बोलावून पुन्हा मोजलं. सासरा नदीकडे बोट दाखवत होता. पाळकसाहेब म्हणाले, प्रभू काही मार्ग दाखवेपर्यंत थांबू. मी दवाखान्याच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं, काय करू? आवाज आला नाही. आकाशात काही उमटलं नाही. फक्त मला एवढं कळलं, की सूआला न्यायला हवं हे मला माहीतच आहे. मी वाट पाहत होतो ती कोणीतरी ते माझ्याऐवजी म्हणण्याची. आत आलो आणि तिथल्या पाळकांमार्फत सासऱ्याला सांगितलं, आम्ही निघतोय, होडी बघा. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, म्हातारा होडी बघायला गेला.

नदीत मी होडीचा काठ घट्ट धरून बसलो होतो. लालाओ सूआचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पलीकडची वाट काढून मोठ्या दवाखान्यात पोचलो, डॉक्टरांनी तातडीनं ऑपरेशन केलं. मुलगी झाली, मूठभर, पण रडली. आईही वाचली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं देवाचे आभार मानले, लोक बघत होते तरी.

इकडची बातमी मला उशिरा कळली. बाई पोचल्या तेव्हा प्रीतीचं बाळंतपण झालेलं होतं. प्रीती वाचली. बाळ राहिलं नाही.

परत आल्यावर मी ऊर्जानगरला गेलो. वाटेत वाटत होतं, सूआचं नाव काढूच नये. बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि बसल्या बसल्याच त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मला राहवलं नाही. "बाई, त्यानंच घरी जा म्हटलं ना तुम्हाला? मग हे असं कसं?"

पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बाळ वाचवाले नव्हतं बोलवलं, भाऊ. पोरीजवळ बसाले बोलवलं. मी आली त्या दिवशी ती माह्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, बाळ गेल्यावर पहिल्यांदा. मी नसती तं कोणाच्या मांडीवर ठेवलं असतं?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी रडून राह्यली म्हणजे चुकली असं नाई."

त्या दिवशी बाईंच्या त्या खात्रीपुढे माझी सगळी आखणी मला अगदी लहान वाटली. गेल्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा मातीच्या वेळी मंडळीत बोलायला मला उभं केलं होतं. मी त्यांचं हेच रडण्याबद्दलचं वाक्य सांगितलं आणि खाली बसलो.

पण ते नंतरचं. त्या दुपारी त्यांनी स्वतःच विचारलं, "सूआचं काय झालं?" मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "सांगा. तिलेबी आइकू द्या," बाई म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला, लालाओनं पाठवलेला फोटो पाहिला आणि तो घेऊन आत गेल्या. "पाह्य प्रीती, हे त्या पोरीचं."

 मग प्रीती स्वतःच मोबाइल घेऊन बाहेर आली. चेहरा उतरलेला, केस तसेच बांधलेले. फोटो अजून उघडाच होता.

"लयच बारकी हाय, काका," ती म्हणाली. "दूध पेते ना पण?"

"पिते," मी म्हटलं.