सायखेड्यातलं प्रदर्शन

शिरसाठबाई प्रत्येक मुलीच्या हातात नारळाची करवंटी आणि वर्तमानपत्राचं एक अख्खं पान द्यायच्या आणि म्हणायच्या, "बसवा आत." मुली नीट घड्या घालत, तरी पान बाहेरच राही. मग बाई म्हणायच्या, "चुरगळा." चुरगळून दाबलं की ते बरोबर मावायचं. "मेंदूचं असंच आहे. कवटीत मावायचं तर सुरकुत्या हव्यातच."

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत त्या हस्तकला शिकवायच्या आणि मी विज्ञान. एकदा मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "फिट म्हणजे काय ते मला नीट सांगा. हातानं करून दाखवता येईल असं सांगा."

"कुणाला दाखवायचंय?"

"आहेत काही माणसं. मी विसरत नाही."

त्यांची धाकटी बहीण कुसुम सायखेड्याला दिली होती. लग्नानंतर तिला फिट येऊ लागल्या. सासूनं बाहेरची बाधा ठरवली. नाकाला चप्पल लावून झाली, मग भगत आणला. त्यानं तापलेल्या सळईनं कपाळावर डाग दिला. तरीही फिट थांबेनात, तेव्हा नवऱ्यानं तिला ट्रंकेसकट नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर आणून सोडलं आणि चारचौघांत मोठ्यानं सांगितलं, "तुमची येडी तुमच्याकडं ठेवा." बाई तेव्हा तिथेच उभ्या होत्या. नंतर कुसुमला डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या आणि फिट जवळजवळ बंद झाल्या. बाईंचा राग मात्र तसाच राहिला.

मी समजावून सांगितलं त्यावरून दोघी बहिणींनी शाडूचा भलामोठा मेंदू केला. त्यात दिवाळीच्या माळेचे दिवे खोचले. एरवी ते आपापल्या पाळीनं लुकलुकत. बटण दाबलं की सगळे एकदम पेटत, विझत, पुन्हा पेटत. "ही फिट," बाई सांगायच्या. "ह्यात भूत कुठे बसलंय ते दाखवा मला."

हा मेंदू घेऊन आम्ही तिघी सायखेड्याला गेलो. दिवस बाजाराचा होता. तो बाईंनी मुद्दाम निवडला होता. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात बायकांची गर्दी झाली. कुसुमची सासूही आली, मागे मुलगा, म्हणजे कुसुमचा नवरा. मला वाटलं, बाई बोलतील. पण त्यांनी कुसुमला पुढे केलं.

कुसुमनं बटण दाबून दाखवलं. मग कपाळावरचे केस मागे सारले. "फिट आत येते. हा डाग बाहेरून दिलेला. आतल्या दुखण्याला बाहेरून डागून काय होणार होतं?"

सगळ्यांच्या माना सासूकडे वळल्या. ती पुटपुटली, "लोकांपुढं कशाला काढलं, बाई? घरी यून बोलायचं ना."

"सीबीएसवर लोकच होते," शिरसाठबाई म्हणाल्या.

सासू म्हणाली, "आमाला काय कळत होतं? लय चुकलं पोरी. माफ कर."

मी बाईंकडे पाहिलं. त्या बहिणीकडे पाहत होत्या. कुसुमनं हाताला लागलेली माती पदरानं पुसली.

"नाही," ती म्हणाली. "आधी ह्या बायकांना सांगा, डाग देताना मला धरून कोण बसलं होतं ते."

सासूनं मागे वळून मुलाला शोधलं. तो केव्हाच निघून गेला होता. ती डोक्यावरचा पदर ओढून पायऱ्या उतरली. कुणी तिला थांबवलं नाही. ती दिसेनाशी झाल्यावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन कुसुमजवळ आली आणि हळू आवाजात डॉक्टरांचा पत्ता विचारू लागली.

परतीच्या एसटीत कुसुम खिडकीशी बसून पेरू खात होती. शिरसाठबाईंनी मांडीवर मेंदू सांभाळून धरला होता. आज त्या नाहीत, पण त्या दिवसाइतकं खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

"आता तरी राग गेला का?" मी विचारलं.

"कशाला घालवू? चांगला कामाला येतोय," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात भगताच्या गावाला जायचंय. तुम्ही येणार ना?"