स्ट्रॉबेरीचं दही

आईनं हातावर दही घातलं तेव्हा माझं सगळं लक्ष फोनकडे होतं. कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत टॅक्सी शिरत नाही, त्यामुळे ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सारखा फोन करत होता. बाबा बॅगेचं चाक नीट फिरतंय का ते पाहत होते. घरातली कुठलीही वस्तू ऐनवेळी दगा देणार यावर त्यांचा ठाम विश्वास आहे. "सगळं खा, हातावर ठेवू नकोस," आई म्हणाली. मी उभ्याउभ्या दही चाटलं, हात जीन्सला पुसला आणि निघाले. दही खाऊन गेलेलं माणूस सुखरूप परत येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दहावीच्या प्रत्येक पेपरला मी ते खाल्लं होतं. त्यामुळे त्यात विशेष काही वाटलं नाही.

मी जर्मनीला ओ-पेअर म्हणून निघाले होते. म्हणजे वर्षभर एका परक्या कुटुंबात राहायचं, त्यांचं मूल सांभाळायचं, घरात थोडा हातभार लावायचा. त्यांनी जेवूखाऊ घालायचं, थोडा हातखर्च द्यायचा आणि भाषा कानावर पडू द्यायची. बाबांनी गल्लीत "भाषेच्या अभ्यासाला चाललीय" असं सांगितलं होतं. घरात मात्र वेगळं बोलायचे. "इथं स्वतःचं ताट उचलत नाही, आणि तिथं लोकांची पोरं सांभाळणार. जर्मनीची काळजी वाटते."

ज्या घरात जाऊन पडले ते कारीनचं. कारीन एका हॉस्पिटलमध्ये नर्स, बोलायला थेट, हसायला सावकाश. तिची मुलगी मीला, पाच वर्षांची. खालच्या मजल्यावर कारीनची आई राहायची, तिला सगळे ओमा म्हणायचे, म्हणजे आजी. गाव एवढंसं, की संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर मी आणि एक मांजर. पहिले दोन महिने मी त्या शांततेनं वेडी व्हायची बाकी होते. पुण्यात शांतता हवी म्हणून कटकट करणारी मी, तिथं खिडकीशी उभी राहून एखादा हॉर्न ऐकू येतोय का ते बघायची.

मग गणपती आले. कसब्यात वाढलेल्या मुलीला त्या दिवसांत गप्प बसणं शक्य नव्हतं. मीलाला घेऊन शाडूसारखी माती आणली, दोघींनी मिळून गणपती केला. सोंड तिनं केली, म्हणून ती जरा गाजरासारखी झाली. दीड दिवसाचा बसवला. तांदळाचं पीठ एशियन दुकानात मिळालं, ओला नारळ नाही मिळाला, वाळक्या खोबऱ्यावर भागवलं. उकडीचे मोदक केले आणि ओमाला जेवायला बोलावलं.

ओमानं ताट स्वच्छ केलं. आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढायचं असतं, मी वाढलं. तिनं तेही संपवलं, मी पुन्हा वाढलं. ओमाचा चेहरा लाल होत चालला होता, पण मला वाटलं बाईला मोदक फारच आवडले. शेवटी तिनं काटा खाली ठेवला आणि कारीनकडे असं पाहिलं, की कारीननं मला हळूच स्वयंपाकघरात नेलं. ताटात टाकणं हे ओमाच्या घरी पाप. युद्धानंतरच्या उपासमारीत वाढलेली बाई ती, वाढलेलं सोडणार नाही. आणि मला पुरे म्हणेपर्यंत वाढणं हा धर्म. पण ती पुरे म्हणेना, कारण नाही म्हणणं तिला उद्धटपणा वाटत होता. दुसऱ्या दिवशी ओमा नुसती कॅमोमाइलचा चहा पिऊन पडून राहिली. मी शरमेनं अर्धी झाले. एरवी पुणेकरांची 'जेवूनच आला असाल' म्हणून चेष्टा होते. आणि मी एकटीच आग्रह करायला निघाले, तीही परदेशात!

संध्याकाळी उत्तरपूजा केली आणि गणपतीच्या हातावर दही घातलं. मीलानं विचारलं, का? म्हटलं, तो आता जाणार, तर परत यावा म्हणून. ओमाच्या बागेत बादलीत विसर्जन केलं. मूर्ती विरघळताना मीला जी रडली, की मलाही रडू आलं. ती माती ओमानं सफरचंदाच्या झाडाखाली ओतली. त्यानंतर कित्येक दिवस मीला सकाळी उठून त्या झाडाखाली तो आलाय का ते बघून यायची. मी म्हणायची, पुढच्या वर्षी. पाच वर्षांच्या मुलीला पुढचं वर्ष म्हणजे काय कळणार?

नाताळात ओमानं सूड उगवला. बटाट्याचे मोठाले गोळे असतात त्यांच्याकडे, उकडलेले, आणि लाल कोबी. माझ्या ताटात दोन गोळे वाढून ती माझ्यामागे उभी राहिली. संपले की, "अजून एक." मी नको म्हटलं की हात कमरेवर ठेवून, "अजून एक!" जर्मनमध्ये म्हणत होती, पण सूर अगदी माझ्या आईचा. नाताळच्या झाडाखाली माझ्या नावाचा, ओमानं विणलेला मोजा होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या घरात पाय पसरून बसावंसं वाटलं.

वर्ष संपलं. निघायच्या सकाळी कारीन गाडी काढायला गेली होती. मी बूट घालत होते. मीला फ्रीजमधून एक डबा आणि चमचा घेऊन आली, म्हणाली, हात पुढे कर. आणि माझ्या तळहातावर स्ट्रॉबेरीचं दही ओतलं, गुलाबी, गोड, गार. घरात तेवढंच होतं. "आता तुला यावंच लागणार," ती म्हणाली. अगदी खात्रीनं, कुलूप लावून किल्ली खिशात टाकल्यासारखं. मी ते सगळं चाटून खाल्लं. या वेळी हात पुसला नाही.

पुण्यात परतले आणि हा किस्सा जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितला. बाबा हसले. आई हसली नाही. "म्हणजे त्यांनीही घातलं," एवढंच म्हणाली आणि आमटी गरम करायला उठली. आमटी गरमच होती.

तेव्हापासून मी घरात आहे आणि घरात नाही. कारीनला कडाक्याच्या थंडीतही सकाळी सगळ्या खिडक्या उघडायची सवय. ती आता मला लागली आहे, आणि आई मागोमाग "धूळ येते" म्हणत बंद करते. रस्ता ओलांडताना गाडी थांबेल म्हणून मी उभी राहते, आणि लोक मला वेडी समजून वळसा घालून जातात. खडकवासल्याला मित्रमैत्रिणींबरोबर गेले, कणीस खाल्लं, फोटो काढले, आणि सारखं मनात की आत्ता मीला शाळेतून आली असेल. तिथं असताना मात्र याच कणसासाठी जीव टाकत होते. वाघोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं. ती अमरावतीची, इथं आयटीत आहे. म्हणाली, "अगं, मी दिवाळीला घरी गेले की तिसऱ्या दिवशी मला वाघोलीचं ट्रॅफिक आठवतं. आता बोल!" तुमच्यापैकी जे गेले त्यांना हे सांगावं लागणार नाही. जे राहिले त्यांना आम्ही नुसते नखरे करतोय असं वाटतं, आणि कधीकधी आम्हालाही तसंच वाटतं.

मग कारीनच्याच हॉस्पिटलमध्ये नर्सिंगच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली. तीन वर्षं. मी घरी सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. "आधी एक पोर सांभाळत होतीस, आता अख्खं गाव सांभाळ," म्हणाले. ही त्यांची परवानगी होती, हे घरच्यांना कळतं. आई भाजी निवडत राहिली. मी माळ्यावरून बॅग काढली त्या दिवशी मात्र स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "या वेळी मी दही घालणार नाही."

मी विचारलं, का?

"दोन घरांचं दही हातावर पडलेल्या बाईला कुठंच बसवत नाही. बघ स्वतःकडे. इथं आल्यापासून एका जागी टेकली आहेस का?"

खरंच टेकले नव्हते. पण दही न खाता मी आयुष्यात कुठल्या परीक्षेलाही गेले नाही. आणि आता तीन वर्षांसाठी जायचं होतं. हसाल तुम्ही, पण बॅग तशीच टाकून मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. तिनं रागावून अडवलं असतं तर भांडता आलं असतं. ती शांतपणे डबे भरत होती, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. आशीर्वाद तेवढा बाजूला ठेवून.

गणपती तोंडावर आलेत. गल्लीत मांडव पडलाय, संध्याकाळ झाली की ढोलपथकाचा सराव सुरू होतो. शेजारच्या काकू रोज म्हणतात, "अगं, दहा दिवस थांबली असतीस!" मी उद्या निघतेय.

चार दिवस गॅलरीत दोरीवर एक मलमलचं फडकं वाळत होतं. आंबूस वास यायचा. मी दोनदा म्हटलं, हे धुवायला टाकू का? आई म्हणाली, हात लावू नकोस. आज सकाळी तिनं ते फडकं काढलं, घडी घातली, छोट्या डबीत ठेवलं आणि डबी माझ्यासमोर आणून ठेवली.

"घरच्या दह्यात भिजवून वाळवलंय. तिथं कोमट दुधात टाक, रात्रभरात विरजण लागेल. पहिलं जरा पातळ होईल, दुसरं चांगलं लागेल."

बाबा पेपरातून म्हणाले, "विमानतळावर विचारलं तर सांग, रुमाल आहे. फक्त हुंगायला देऊ नकोस."

आईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "तीन वर्षांनी यायला निघशील तेव्हा त्या पोरीच्या हातात हे दही दे, आणि तिच्याकडून हातावर घालून घे. स्ट्रॉबेरीचं कुणी घालतं का? माणूस कुठून निघालं, कुठं पोचायचं, दह्याला कळायला नको?"

मला रडू आवरेना. मी विचारलं, "आणि तू? उद्या?"

"आता मी का नाही घालणार? विरजण लावलंय काल." मग म्हणाली, "हात पुसू नकोस मात्र. मागच्या वेळी जीन्सला पुसलास, मी पाहिलं होतं."

आता दुपार आहे. बॅग भरून झालीय आणि मी तिसऱ्यांदा उघडतेय. मला कुठंच बसवणार नाही, हे आईचं खरं आहे. पण घर कोणतं, हा प्रश्न आता मी कुणाला विचारणार नाही. डबी बॅगेत सगळ्यात वर ठेवली आहे. दोन्ही घरांत आता एकच दही लागणार.