स्टिअरिंगला बांधलेलं गोणपाट

ड्रायव्हरच्या बोलण्यावर ड्रायव्हरसुद्धा विश्वास ठेवत नाही, आणि त्यात काही चूकही नाही. "जरा आवाज येतोय" म्हणणाऱ्याच्या गाडीचा गिअरबॉक्स पार कामातून गेलेला असतो, आणि "गाडी मेली" म्हणून बोंब मारणाऱ्याला नुसती सासुरवाडीला जायला सुट्टी हवी असते. मी स्वतः दोन्ही प्रकारात बसून आलोय. म्हणून आमच्या डेपोत गाडीच्या दुखण्याबद्दल तोंडानं काही सांगायची पद्धतच नव्हती.

डेपो द्वारका चौकाच्या पुढं, हायवेला लागून. मुरूम टाकलेलं आवार, एक पत्र्याची खोली, एक नळ आणि रांगेनं उभ्या ट्रका. एकानं गाडी आणून लावायची आणि घरी जायचं, दुसऱ्यानं कधीतरी येऊन तीच गाडी काढायची. दोघांची गाठ पडेलच असं नाही. मग गाडीत जिवावर बेतेल अशी काही खोट असली, की गाडी आणणाऱ्यानं स्टिअरिंगला गोणपाटाचा तुकडा बांधायचा. बांधायचा ड्रायव्हरनं आणि सोडायचा फक्त मिस्त्रीनं, काम झाल्यावर. मधे कुणी हात लावायचा नाही, शेठनंसुद्धा नाही. गोणपाट दिसलं की गाडी उभी. गोणपाट नसलं की गाडी ठणठणीत, डोळे झाकून किल्ली फिरवा.

या रीतीवर आमचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. मी तर तसाही देवाच्या भानगडीत पडणारा नव्हतो.

नव्वदीच्या मधल्या काळातली गोष्ट. मोबाइल शेठच्या खिशातही नव्हता. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचे क्रेट भरून गाडी आणली. माल वाशीला जायचा होता. येताना आडगावच्या अलीकडे ब्रेकचं पॅडल खाली गेलं. पुन्हा दाबल्यावर धरलं. गाडी थंड असताना काही कळायचं नाही, तापली की पॅडल तळाला जायचं. कुठंतरी ऑइल पाझरत होतं. सपाटीला अशी गाडी ओढता येते, पण वाशीला जायचं तर कसाऱ्याचा घाट उतरायला लागतो, आणि त्या घाटात ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय माणूस शिंकतसुद्धा नाही.

मी डेपोत गाडी लावली, गोणपाट बांधलं आणि चांगली दोनदा गाठ मारली. मिस्त्रीला निरोप गेला. त्याचं उत्तर आलं, दसऱ्याला हत्यारांची पूजा, पान्याला हळदकुंकू लावून ठेवलंय, आता परवाच हात लावीन. म्हटलं ठीक. टोमॅटो नासले तर शेठचे नासतील. मी घरी गेलो.

आमच्या घरी दसरा वेगळा. सकाळी आईनं इस्त्री केलेले पांढरेशुभ्र कपडे पुढं ठेवले, आम्ही सगळे वसाहतीतल्या विहारात गेलो, वंदना झाली, पोरांची भाषणं झाली. डेपोत त्या वेळी गाड्यांची पूजा चाललेली असायची. त्या पूजेला मी नसायचो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा कुणीतरी त्यावरून खवचट बोललं होतं, तर उस्तादनं त्याला सगळ्यांसमोर असा झापला, की पुन्हा विषय निघाला नाही. उलट माझ्या वाटणीची जिलेबी उस्तादची बायको डब्यात झाकून ठेवायची. तिला मी वहिनी म्हणायचो. दुपारच्या आत मी जायचो आणि हक्कानं खायचो.

उस्ताद म्हणजे ज्यांनी मला गाडी शिकवली ते. दिंडोरीकडचे, वयानं माझ्या बापाच्या थोडे अलीकडे. हाताखाली शिकताना मी गिअर चुकवला की मानगुटीवर चापट बसायची. माझा बाप लहानपणीच गेला, त्यामुळे त्या चापटांचं मला काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

त्या दिवशी मी जिलेबी खायला म्हणून डेपोत शिरलो. झेंडूच्या पाकळ्या सगळीकडे, फोडलेले नारळ, ओला मुरूम. आणि माझ्या गाडीची जागा रिकामी. मुरमावर ऑइलचा डाग, ताजा.

"गाडी कुठंय?" मी मुकादमाला विचारलं.

"गेली की. उस्ताद घेऊन गेले सीमोल्लंघनाला."

आमच्याकडे दसऱ्याची पूजा झाली की एक भरलेली गाडी शहराची वेस ओलांडून जायलाच हवी, असा शेठचा हट्ट. भरलेली तेवढी एकच होती. पण गोणपाट असताना उस्तादनी गाडीला हात लावणं शक्यच नव्हतं. डोक्यात काही जुळेना. तेवढ्यात माझी नजर नळाकडे गेली. नळाशेजारच्या भिंतीवर माझं गोणपाट वाळत घातलं होतं. स्वच्छ धुतलेलं.

"हे कुणी सोडलं?" मी ओरडलोच.

वहिनी ताटं विसळत होती. हसून म्हणाली, "मी सोडलं, भाऊ. केबिन पुसायला चढले तर हे लय मळकं तिथं. आजच्या दिवशी देवीसमोर असलं घाण फडकं बरं दिसतं का? हार बांधला मी त्या जागी."

दर वर्षी ती फक्त चाकांना हळदकुंकू लावायची. केबिनमध्ये ती पहिल्यांदाच चढली होती. तिला कोण सांगणार? पुरुषांनी आपापसात केलेली रीत. बायकोला रीत सांगायची तर आधी ब्रेक फेल होतात हे सांगावं लागतं, आणि ते कुठला ड्रायव्हर घरी सांगतो? बोललो असतो तर फार वाईट बोललो असतो. ओलं गोणपाट भिंतीवरून ओढलं आणि मुकादमाच्या फटफटीकडे पळालो. तिचा चेहरा उतरलेला दिसला, पण थांबायला वेळ नव्हता.

मुकादम फोनकडे धावला. घोटीच्या ज्या ढाब्यावर आमचे लोक चहाला थांबायचे, तिथं फोन लावत बसला. सणाचा दिवस, ढाबा बंद. हे मला नंतर कळलं. मी तेव्हा पाथर्डी फाट्याच्या पुढं होतो आणि ट्रकांच्या मधून फटफटी घालत होतो.

विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं. प्रत्येक ट्रकच्या मागे जाताना वाटायचं, हीच. जवळ गेलं की दुसरीच निघायची. ज्याला त्याला झेंडूचे हार, ज्याची त्याची नंबराची पाटी ताडपत्रीनं झाकलेली. एक हिशेब सारखा डोक्यात चालला होता. उस्तादनं गोणपाट पाहिलं नाही, म्हणजे त्यांच्या लेखी गाडी ठणठणीत. थंड गाडीनं ब्रेक दिला असणार. पॅडल हलकं लागलं तरी त्यांना शंका येणार नाही. आणि सोबत क्लीनरही नाही, त्याला सणाची सुट्टी. एकटा माणूस घाटात गेल्यावर उतरून चाकाखाली दगडसुद्धा लावू शकत नाही.

मी स्वतःला, मिस्त्रीला, शेठला, वहिनीला, सगळ्यांना शिव्या घालत होतो. वहिनीला सगळ्यात जास्त. आज आठवलं की मलाच माझी लाज वाटते, पण त्या क्षणी वाटत होतं की हिनं आपल्या हातानं नवऱ्याला घाटात ढकललं.

घोटीला ढाब्यापुढं शुकशुकाट. आता एकच आशा राहिली होती. इगतपुरी ओलांडली की घाटाच्या तोंडाशी देवीचं देऊळ आहे. उस्ताद तिथं नारळ फोडल्याशिवाय कधी पुढं गेले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या देवळावर आस लावून बसलो.

देवळापाशी ही गर्दी. पाळणे, पेढ्यांची दुकानं, बैलगाड्यांपासून जीपपर्यंत सगळं. एक हवालदार शिट्ट्या मारत अवजड गाड्या पुढं हाकलत होता.

"टोमॅटोची गाडी? म्हातारासा ड्रायव्हर?" मी विचारलं.

"थांबत होता इथंच. मी म्हटलं, चल काढ. मग त्यानं खिडकीतून नारळ दिला एकाजवळ, फोड म्हणाला, आणि गेला. आत्ताच गेला."

त्याला शिवी द्यावी की पाया पडावं, कळेना. मी फटफटी घाटात घातली.

पहिल्याच वळणाला वास आला. जळक्या ब्रेकचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. पुढच्या वळणावर गाडी दिसली. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत होतं आणि तरीही गाडी पाहिजे त्यापेक्षा जोरात चालली होती. मी खिडकीला भिडलो.

"उस्ताद! ब्रेक!"

त्यांनी मान वळवली. चेहरा मातीसारखा झालेला, पण आवाज नेहमीचा, शिकवतानाचा. "ठावं हाय! माझ्याकडं काय बघतोस? पुढं व्हय, गाड्या हटव!"

मी पुढं झालो. एका हातानं फटफटी धरली आणि दुसऱ्या हातात ते गोणपाट घेऊन फिरवत सुटलो. एक टेम्पो बाजूला झाला. मग एक एसटी, पोरंबाळं, खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी. एसटीच्या ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मागची ट्रक पाहिली, माझा हात पाहिला, आणि काहीही न विचारता गाडी दरीच्या कठड्याकडे इतकी चिकटवली, की माझ्याच अंगावर काटा आला. डोंगराची बाजू मोकळी झाली.

उस्तादला तेवढीच हवी होती. मागे लोखंड दगडावर घासल्याचा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. मी वळून पाहिलं तर गाडी डोंगराला अंग घासत चाललेली, ठिणग्या उडतायत. मग तिचं पुढचं चाक गटारात गेलं, केबिन खडकावर आदळली आणि सगळे क्रेट एकदम पुढं आले.

मी पळत गेलो. टोमॅटोच्या चिखलातून क्रेट उपसत होतो. एसटीतले लोक मदतीला आले, तर ते मलाच धरून कुठं लागलंय ते शोधायला लागले, कारण माझे पांढरे कपडे लालभडक झाले होते. मला काही झालं नव्हतं. उस्तादचा उजवा पाय पॅडलजवळच्या पत्र्यात अडकला होता. ते शुद्धीवर होते. स्टिअरिंगवर झेंडूचा हार अजून होता, जरा चुरगळलेला. माझ्या हातात गोणपाट. त्यांनी हाराकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं.

"तिनं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बोललास का काय तिला?"

"नाही."

"बोलायचं नाय."

दवाखान्यात वहिनी आली तेव्हा पायाला प्लॅस्टर घातलं होतं. पाय वाचला, पण घोट्यात वळायचा नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. म्हणजे गाडी सुटली. ज्या पायानं त्यांनी मला ब्रेक मारायला शिकवलं, तोच पाय.

वहिनी रडली नाही. कॉटजवळ उभी राहून म्हणाली, "हार घातला, लिंबू ठेवलं, सगळं केलं मी. मग असं कसं झालं?"

माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर होतं. मी रागीट माणूस आहे, पोटात ठेवणं मला जमत नाही. उस्तादनी प्लॅस्टर नसलेला पाय हळूच माझ्या गुडघ्याला लावला आणि दाबला.

"हार व्हता म्हणून तर वाचलो," ते तिला म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शेठनं उस्तादला डेपोच्या फाटकावर बसवलं, राखणीला. कुबडी खुर्चीला टेकवून ते दिवसभर गाड्यांचे आवाज ऐकायचे, आणि कुठल्या गाडीचं काय दुखतंय ते मिस्त्रीच्या आधी सांगायचे. गोणपाटाबद्दल वहिनीला कुणी काही बोललं नाही. सगळ्या डेपोनं ते गिळलं. इतक्या तोंडाळ लोकांनी इतकी मोठी गोष्ट गिळलेली मी दुसरी पाहिली नाही.

पुढच्या दसऱ्याला मी विहारातून नेहमीपेक्षा लवकर निघालो. का, ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. आदल्या दिवशी एका गाडीचं स्टिअरिंग जड झालं होतं आणि त्याला गोणपाट बांधलेलं होतं. मी फाटकात शिरलो तेव्हा वहिनी बादली आणि हार घेऊन नेमकी त्याच गाडीकडे चालली होती. माझं तोंड उघडलंच होतं. उस्तादनी कुबडी आडवी धरली.

"बस," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी दगडावर बसलो. ती केबिनमध्ये चढली. बराच वेळ आत होती. काच पुसताना हात दिसत होता, मग तोही दिसेना. उस्ताद तिकडे बघत नव्हते, पण कुबडीवरची त्यांची मूठ मी पाहत होतो.

ती उतरली आणि पुढच्या गाडीकडे गेली. मी उठलो, काही नाही असं दाखवत केबिनमध्ये डोकावलो. काच, सीट, डॅशबोर्ड, सगळं लखलखीत. गोणपाट होतं तसंच होतं. माझ्यासारखीच कुणीतरी मारलेली दुहेरी गाठ जरासुद्धा हलली नव्हती. झेंडूचा हार तिनं त्याच्यावरूनच बांधला होता.

सगळ्या गाड्या झाल्यावर वहिनी पदराला हात पुसत फाटकाशी आली.

"झालं का पुसून?" उस्तादनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "तेवढं राहू दिलंय."

मग ती तिथंच, त्यांच्या त्या पायाशी, मुरमावर बसली.